साच्याच्या नावाची साखर

संक्रांतीच्या आधीचा रविवार. बोम्मसंद्रातल्या एखाद्या गृहसंकुलात, चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, बादलीभर पाण्यात लाकडाचे ठोकळे बुडालेले असतात. रात्रीच भिजत घातलेले. सकाळी मुलं एकेक ठोकळा बाहेर काढतात, फडक्यानं टिपतात, दोन अर्धुकं एकमेकांवर बसवतात, खुणेला खूण जुळवतात आणि वर रबरबँड चढवतात. जुळवलेल्या साच्याच्या आत काय कोरलंय ते बाहेरून दिसत नाही. मग पैजा लागतात. कुणी म्हणतं हत्ती, कुणी म्हणतं पोपट, आणि जिला गेल्या वर्षीचं आठवतंय ती धाकटी ठामपणे सांगते की हा मासा आहे.

शेजारच्या कन्नड घरात या वस्तूला म्हणतात ‘सक्करे अच्चु’. सक्करे म्हणजे साखर आणि अच्चु म्हणजे साचा, ठसा. साच्यातून निघणाऱ्या साखरेच्या बाहुल्यांचं नावही तेच. खाऊ दोन-तीन आठवड्यांत संपतो, लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. नाव त्या टिकणाऱ्या गोष्टीचं पडलं आहे.

बोम्मसंद्रा हे तसं सणासुदीसाठी कुणाला आठवावं असं ठिकाण नाही. आनेकल तालुक्यातलं, होसूर रस्त्यावरचं हे गाव आता औद्योगिक वसाहतीसाठी, कारखान्यांसाठी आणि नारायण हृदयालयासाठी ओळखलं जातं. पण नावात जुनं गाव शिल्लक आहे. बंगळुरूभोवती ‘संद्रा’नं संपणारी कितीतरी गावं आहेत: जक्कसंद्रा, होंगसंद्रा, तिप्पसंद्रा. हा ‘संद्रा’ म्हणजे ‘समुद्र’, आणि या पठारावर समुद्र म्हणजे तळं. बांध घालून अडवलेल्या पावसाच्या पाण्यावर नाचणी आणि अवरे, म्हणजे आपला पावटा, पिकवणारी ही वस्ती होती. संक्रांतीच्या संध्याकाळी पेटलेल्या गवतावरून गुरं उडवून नेण्याची, ‘किच्चु हायिसोदु’ म्हणतात ती रीत बंगळुरूच्या आसपासच्या खेड्यांत अजून पाळली जाते. 10 ऑगस्ट 2025 रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचं उद्‌घाटन झालं. आर. व्ही. रोडपासून निघणारा हा 19 किलोमीटरचा मार्ग बोम्मसंद्रालाच संपतो. साचे आणायला बसवनगुडीच्या गांधी बाजारात जायचं तर आता आर. व्ही. रोडला गाडी बदलायची आणि नॅशनल कॉलेजला उतरायचं.

कारखान्यांबरोबर आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनिक सिटीबरोबर इथं पुणे, सोलापूर, बेळगाव, नागपूरकडची कुटुंबंही येऊन राहिली. जानेवारीत त्यांच्या लक्षात येतं की आपली संक्रांत आणि इथली संक्रांत या सख्ख्या बहिणी आहेत. आपण ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणतो. इथं ‘एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ म्हणतात, तीळ-गूळ खा आणि चांगलं बोला. आपल्याकडे भोगीला वाल-पावटा, गाजर, वांगी घालून मिसळीची भाजी होते, इथं अवरेकाळूचं हुग्गी होतं. आपण लाडू वळतो किंवा वड्या पाडतो. इथं मात्र तिळाला पाक दाखवत नाहीत. पांढरे तीळ, गुळाचे बारीक चौकोनी खडे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, सोललेले शेंगदाणे आणि डाळवं असं कोरडंच कालवतात. गूळ आणि खोबरं एकसारखं कापणं हे घरातल्या बायकांचं आठवडाभराचं काम असे.

हे मिश्रण, उसाचं कांडं, केळी, एलची हण्णु म्हणजे बोरं, विडा, आणि या सगळ्यांच्या मधोमध साखरेच्या बाहुल्या, असं ताट सजतं. ते घेऊन नटलेल्या मुली घरोघर जातात. याला म्हणतात ‘एळ्ळु बीरोदु’. नवी नवरी पहिली पाच वर्षं सवाष्णींना केळी वाटते, दर वर्षी पाचाच्या पटीत वाढवत. ताटाची मांडणी ही घराच्या हाताची परीक्षा. पूर्वी ते देवापुढं पाटावर असायचं, आता जेवणाच्या टेबलाच्या मध्यावर असतं. येणारा प्रत्येक जण आधी तिथं बघतो आणि पोरं येता-जाता एक शेंगदाणा उचलतात.



बाहुल्या घरी करायच्या तर धीर लागतो. साखर बुडेल इतकंच पाणी घालून ती उकळायला ठेवतात. थोडं दूध घातलं की ते फुटतं आणि साखरेतली मळी धरून फेसासारखं वर येतं. तो फेस झाऱ्यानं काढायचा, पाक पातळ कापडातून गाळायचा, पुन्हा तापवायचा. लिंबाचे दोन-चार थेंब घालतात, त्यालाही कारण आहे. आंबटपणामुळे थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि त्यांच्या लुडबुडीमुळे मोठे खडे बनत नाहीत.

खरी कसोटी त्यानंतर. गाळलेल्या पाकातला एका वेळी डावभरच लहान भांड्यात घ्यायचा, दाट होईपर्यंत उकळायचा आणि उतरवून भराभर घोटायचा. काचेसारखा पाक घोटता घोटता अचानक दुधाळ होतो. त्या क्षणी आतली साखर लाखो बारीक कणांत बसायला लागलेली असते. तेवढ्यात साच्याच्या तळाशी असलेल्या तोंडातून ओतलं तर हत्तीच्या सोंडेपर्यंत जातं. उशीर झाला तर भांड्यातच दगड होतो, घाई केली तर बाहुली चिकट राहते आणि सोडवताना तिचे कान साच्यातच राहतात. लाकूड रात्रभर भिजवायचं तेही याचसाठी. पाणी प्यालेलं लाकूड पाक पीत नाही.

मुलांनी चुलीपाशी जायचं नाही, हा नियम दोन्ही भाषांतल्या घरांत कडक आहे. पाक उकळत्या पाण्याहून जास्त तापतो आणि कातडीला लागला की सुटत नाही. अज्जी असो की आजी, ओतण्याचं काम तिच्याकडेच. मुलांकडे आधीची जुळणी आणि नंतरची उकल. ओतल्यावर पाच-दहा मिनिटांनी रबरबँड काढायचे, वरचं अर्धुक हळूच उचलायचं. पांढरंशुभ्र, गार पडत आलेलं काहीतरी तिथं पहुडलेलं असतं. पोपटाची चोच शाबूत असली की आरडाओरडा होतो. मोडली तर तो पोपट मोडणाऱ्याचा. त्यामुळे काही उकलणारे हात जरा जास्तच धसमुसळे होतात, आणि घरातली मोठी माणसं वर्षानुवर्षं त्याकडे दुर्लक्ष करत आली आहेत.

आकार ठरलेले आहेत: देऊळ, रथ, गाय, घोडा, हत्ती, मासा, पोपट, समई, तुळशीकट्टे म्हणजे तुळशीवृंदावन. वृंदावनासारख्या उभ्या आकाराला दोन अर्धुकं पुरत नाहीत, चार तुकड्यांचा साचा लागतो आणि तो बांधायला दोन मुलं लागतात.



साखरेची बाहुली करून पानाच्या मधोमध ठेवायची ही कल्पना जगभर फिरलेली आहे, आणि तिच्याबरोबर आपले शब्दही फिरले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या पदार्थांची यादी येते: फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. फाणित म्हणजे आटवलेला रस, आपल्या काकवीचा पूर्वज. हा शब्द फारसीत पानीद झाला, अरबीत फानीद झाला, अरबांबरोबर स्पेनला पोचून ‘अल्फेनिके’ झाला आणि स्पॅनिश गलबतांतून मेक्सिकोला गेला. तिथं नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचा सण असतो. त्या सणात साच्यांतून काढलेल्या साखरेच्या कवट्या घरातल्या वेदीवर मांडतात, कपाळावर माणसांची नावं लिहितात, मुलांना भेट देतात. त्या कलेला अजूनही अल्फेनिके म्हणतात आणि तोलुका शहरात तिची जत्रा भरते. मराठी स्वयंपाकघरातून फाणित हा शब्द कधीच गेला. मेक्सिकोतलं पोर मात्र तो तोंडात घोळवतं आहे.

वाटेतले मुक्कामही भव्य होते. 1047 साली कैरोला पोचलेल्या नासिर खुस्रो या फारसी प्रवाशानं तिथल्या सुलतानाच्या ईदच्या मेजवानीचं वर्णन केलं आहे: संत्र्याच्या झाडासारखं झाड, फांद्या, पानं, फळं सगळं साखरेचं, आणि भोवती साखरेच्या मूर्ती. 1574 मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला तेव्हा त्याच्यापुढं मांडलेल्या ताटल्या, सुऱ्या, इतकंच काय हातरुमालसुद्धा साखरेचे होते. तेव्हा साखर औषधाच्या मोलानं विकली जायची. तिची झाडं उभी करणं म्हणजे खजिना उघडून दाखवणं.

गंमत अशी की साखर शुद्ध करण्याची विद्या इथून बाहेर गेली आणि फिरून परत आली. 647 साली चीनच्या ताइझाँग सम्राटानं साखर उकळण्याची रीत शिकायला मगधात माणसं धाडली होती. त्यानंतर साडेअकराशे वर्षांनी, 1800 मध्ये, टिपूच्या पराभवानंतर म्हैसूरचा मुलूख पाहायला निघालेला फ्रान्सिस बुकानन बंगळुरूच्या उत्तरेला सुमारे साठ किलोमीटरवरच्या चिक्कबळ्ळापूरला आला. तिथली खडीसाखर त्याला चिनी मालाच्या तोडीची वाटली आणि मातीच्या थरानं उजळलेली साखर अगदी पांढरी. ही विद्या टिपूनं श्रीरंगपट्टणात आणवली होती आणि ती गुपित ठेवलेली होती, असं बुकाननच्या 1807 साली छापलेल्या प्रवासग्रंथात नोंदलं आहे. आज बोम्मसंद्रातल्या टेबलावर ज्या शुभ्रतेचं कौतुक होतं ती बंगळुरूच्या आसपासच एके काळी सरकारी गुपित होती.

सामान्य घरात पांढरी साखर आली ती बरीच उशिरा, आणि आधी परदेशातून. मराठीत ‘मोरस’ हा शब्द आहे. मॉरिशसहून येणारी ती मोरस साखर. नंतर जावाची आली. 1905 च्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर या परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. ती हाडांच्या कोळशातून गाळतात हा आक्षेप घरोघर पोचला होता, आणि देवापुढं ठेवायच्या वस्तूच्या बाबतीत तो फार जिव्हारी लागणारा होता. 1932 मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा आला आणि देशात कारखान्यांची रांग लागली. 1933 मध्ये मंड्याला म्हैसूर शुगर कंपनी उभी राहिली. कावेरीच्या कालव्यांवर भिजणारा ऊस तिथं गाळला जाऊ लागला आणि म्हैसूर संस्थानातल्या घरांना स्वतःच्या मातीतली दाणेदार साखर मिळाली. इकडे 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेकाठी सहकारी कारखाना सुरू झाला. ज्या वस्तूची झाडं सुलतान मिरवत होते, तिचा पोपट करून तो शेजारच्या पोराच्या हातावर ठेवणं शेतकऱ्याच्या घरालाही परवडू लागलं. या सणाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना म्हटली पाहिजे.



मराठी घरांनी साखरेचं दुसरं रूप निवडलं. काटेरी हलवा. परातीत तीळ, खसखस, साबुदाणा, बडीशेप, डाळवं किंवा लवंग घ्यायची, मंद शेगडीवर ठेवायची आणि चमचा-चमचा पाक घालत बोटांनी हलवत राहायचं. प्रत्येक थेंब दाण्यावर वाळला पाहिजे, मगच पुढचा. दोन-तीन दिवस हे चालतं. पहाटेच्या कोरड्या थंडीत काटा चांगला फुटतो, म्हणून आज्या पहाटे उठून बसत. बोटं पोळत, पण काटा बोटांच्याच चालीवर येतो. बंगळुरूच्या जानेवारीतल्या पंधरा-सोळा अंशांच्या पहाटाही त्याला मानवतात.

या हलव्याचे दागिने होतात. नव्या सुनेला काळ्या चंद्रकळेवर हलव्याचं मंगळसूत्र, बाजूबंद, नथ. बाळाला मुकुट, बासरी, बाळकृष्णाचा सगळा साज. आणि मग बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी बाळाला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, बत्तासे, हलवा ओततात. भोवतीची पोरं ते लुटतात, म्हणून त्याला लूटही म्हणतात. म्हैसूर-बंगळुरूकडेही संक्रांतीला लहानग्यांच्या डोक्यावरून बोरं आणि उसाचे तुकडे ओतायची रीत आहे, आंध्रात भोगीला तेच ‘भोगी पळ्ळु’ या नावानं होतं. बोराला एलची म्हणा, रेगी म्हणा की बोर म्हणा, खाली वाकून वेचणाऱ्या पोरांची झुंबड एकच असते.

मधला दुवा हवा असेल तर धारवाड-हुबळीकडे बघावं. तिथं काटेरी हलव्याला ‘कुसुरेळ्ळु’ म्हणतात, कुसर केलेले तीळ, आणि त्याचे दागिनेही मुलांना घालतात. त्याच पट्ट्यात विजापूर, बागलकोट, गदगकडे कार्तिकी पौर्णिमेला, गौरी हुण्णिमेला, मुली साखरेच्या बाहुल्या ताटात मांडून गौरीला ‘सक्करे आरती’ ओवाळायला नेतात. म्हणजे लाकडी साचा तिथं संक्रांतीच्या दोन महिने आधीच माळ्यावरून खाली येतो. आणि महाराष्ट्रात तो संक्रांतीनंतर दोन महिन्यांनी येतो: होळीपासून पाडव्यापर्यंत हलवायांच्या भट्ट्यांवर लाकडी साच्यांत दोरा ठेवून त्यावर पाक ओततात, गाठी पडतात, त्या गुढीला आणि पोरांच्या गळ्यात जातात. रुखवतातलं साखरेचं तुळशीवृंदावनही याच घराण्यातलं. दक्खनचं साखरेचं पंचांग असं कार्तिकापासून चैत्रापर्यंत पसरलं आहे, आणि त्याची पानं मराठी व कन्नड दोघांनी मिळून भरली आहेत.

बंगळुरूत ही पानं एकमेकांत मिसळण्याला तर जुना आधार आहे. 1638 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान यानं केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र एकोजीराजे इथं होते, 1675 च्या सुमारास ते तंजावरला गेले. 1687 मध्ये मुघलांनी शहर घेतलं आणि तीन लाख रुपयांना चिक्कदेवराज वोडेयरांना देऊन टाकलं. जवळजवळ पन्नास वर्षं भोसल्यांचा संसार या शहरात होता. मल्लेश्वरममधल्या काडु मल्लेश्वर देवळात एकोजींचा 1669 चा शिलालेख आहे. त्याच मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर जानेवारीत पदपथावर एळ्ळु-बेल्लाच्या राशी आणि साखरेच्या बाहुल्यांच्या परड्या लागतात. भोसल्यांच्या वाड्यात संक्रांतीला तिळगूळ कसा होई हे कुठे लिहून ठेवलेलं असतं तर वाचायला फार आवडलं असतं.



आज बाजारात तयार बाहुल्या मिळतात, गुलाबी, पिवळ्या, हिरव्या. एळ्ळु-बेल्लही कापून, मिसळून पिशवीत येतं. सिलिकॉनचे साचे आले आहेत, त्यांना भिजवायला नको, बांधायला नको, मागून दाबलं की बाहुली बाहेर. नोकरी करणाऱ्या आई-बापांना त्यांचा आधार वाटतो आणि तो खराच आहे. तरी सिलिकॉनच्या साच्याला एकच बाजू असते. बाहुलीची पाठ सपाट निघते आणि ती उभी राहत नाही. दोन अर्धुकांतून आलेला हत्ती चार पायांवर उभा राहतो, चारी बाजूंनी बघता येतो, ताटाच्या मधोमध ठेवता येतो. लाकडी साच्याच्या बाजूनं बोलायला एवढं एकच कारण पुरेसं आहे.

बंगळुरूला साखरेचं दुसरंही वेड आहे. 1970 च्या दशकापासून इथं नाताळाच्या सुमारास केकचं मोठं प्रदर्शन भरतं, त्यात साखरेतून राजवाडे आणि प्रसिद्ध वास्तू उभ्या राहतात आणि शाळांच्या सहली ते बघायला येतात. कारागिरी थक्क करणारी. गोव्याकडच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत त्याच दिवसांत काजूचं मार्झिपान रबरी साच्यांत दाबून फुलं, शिंपले, मासे काढतात, ‘कुस्वार’च्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, ताटात मांडतात आणि शेजारी पाठवतात. पोरांच्या बाजूनं पाहिलं तर या दोन्हींतलं दुसरं संक्रांतीच्या जास्त जवळचं, कारण तिथं साचा त्यांच्या हातात असतो आणि प्रदर्शनात दोरीच्या पलीकडे उभं राहावं लागतं.

बोम्मसंद्रातल्या त्या रविवारी दुपारपर्यंत पंचवीस-तीस बाहुल्या परातीत वाळत पडतात. मग वाटणी सुरू होते. रथ कुणाकडे जाणार, खालच्या मजल्यावरच्या तमिळ घराला काय, पहारेकऱ्याच्या मुलीला काय. मोठा हत्ती कुणालाच द्यायचा नाही असं मुलांचं दर वर्षी ठरतं आणि संक्रांतीच्या संध्याकाळी दारात आलेल्या नटलेल्या मुलीला त्यांच्यातलंच कुणीतरी तो देऊन टाकतं. तिच्या ताटातून मोबदल्यात देऊळ येतं, थोडे तीळ-गूळ येतात, उसाचं कांडं येतं. मराठी घरातून तिच्या तळहातावर चमचाभर काटेरी हलवाही पडतो. तो आधी ती निरखून बघते, मग म्हणते, हे तर आमच्या हुबळीच्या अज्जीकडचं कुसुरेळ्ळु.

रथसप्तमीपर्यंत ताट रिकामं होतं. साचे गरम पाण्यानं धुऊन सावलीत वाळवतात. उन्हात ठेवले तर लाकूड तडकतं. मग जुन्या सुती साडीच्या फडक्यात जोडीजोडीनं बांधून माळ्यावर. कितीही धुतलं तरी पोपटाच्या पिसांच्या बारीक रेघांत साखर उरतेच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची एक रांग माळ्याकडे निघालेली दिसते.